दहा मिनिटं

रविवारी साडेसातला सोनेगावकडून
एक लहानसं विमान यायचं. आवाज आधी,
शिलाई मशीनवर जाड कापड चालवावं तसा.
अंबाझरीवर आलं की डावा पंख खाली करायचं,
मग उजवा.
मी बोटीत उभा राहून गळ्यातला दुपट्टा हलवायचो.
पोरं विचारायची, काका, ओळखीचं आहे का कोणी?
आहे ना, म्हणायचो.
खोटंच. पण सहा वर्षं दर रविवारी सांगितलेलं खोटं
थोडंफार ओळखीचं होतंच.

मग ते पंधरवड्यावर गेलं.
मग महिन्यावर.
इकडे माह्या पाटीवरही तेच सुरू होतं.
मोटरबोट माणशी साठ,
त्यावर चुना मारून ऐंशी,
चुना सुकत नाही तर एकशे वीस.
दिवाळीपासून आकडाच लिहिला नाही,
नुसतं लिहिलं: मोटरबोट, विचारा.
लोकं विचारतात, अन् पायडलचं बदक घेऊन जातात.
बदकाला काय,
मांड्या दुखल्या की आपोआप काठाला लागतं.

एप्रिलात एक बाई आल्या, साठीला टेकलेल्या.
स्कुटी कडुलिंबाखाली लावली,
पाटी वाचली. विचारलं काही नाही.
माह्याकडे बघून डावा खांदा खाली केला,
मग उजवा.
मला काही सुचलंच नाही बाप्पा.
दुपट्टा गळ्यातच होता, नुसता धरून ठेवला.

डॉक्टर कुंदा खेडीकर, दाताच्या. धरमपेठेत दवाखाना.
म्हणाल्या, आधी दोन दाढांत एक तास उडता यायचं,
आता सात लागतात,
अन् आपली माणसं, शालिकभाऊ,
गाल सुजल्याशिवाय पायरी चढत नाहीत.
तासाचा अर्धा केला, अर्ध्याचा पाव.
पाव तासात तर इंजिन गरम होईस्तोवर उतरायची वेळ.
आता नुसती जाते. काच पुसते. चाकांचे ठोकळे बघते.
तिथला पोरगा आठवड्यातून एकदा पंखा फिरवतो,
नाहीतर आतून गंज धरतो.
तेवढं मात्र क्लबाच्या पैशानं.

म्हटलं, आमचंही तसंच.
मंगळवारी दहा मिनिटं मोटर चालवतो,
नाही चालवली तर जाम होऊन राह्यते.
त्याचं तिकीट नाही. या तुम्ही.

आल्या.
सोड्याच्या बाटलीत मी टाकीतलं पेट्रोल काढलं,
उन्हात धरलं, पाणी शिरलं का बघायला.
त्यांनी बाटली हातातून घेतली
अन् माह्याहून जास्त वेळ बघत राहिल्या.
"आमचं निळं असतं," म्हणाल्या.
"बघून झालं की गवतावर फेकायचो. ऐटीत.
आता कोणी फेकत नाही. गाळून परत टाकीत."
बाटली आडवी केली तर तिच्यातून तलाव दिसला,
पिवळसर, उलटा, आभाळ बुडाशी गेलेलं.
"आहे का पाणी?" मी विचारलं.
"खूप आहे," म्हणाल्या. "सगळं बाहेर."

दोरी त्यांनीच ओढली. तिसऱ्या झटक्यात लागली.
मी पुढच्या फळीवर बसलो,
अठरा वर्षांत पहिल्यांदा प्रवाशाच्या जागेवर.
कुठं हात ठेवावे ते समजेना.
मोटरच्या आवाजात ओरडून विचारलं,
वरून माहा दुपट्टा दिसायचा का?
"नाही," त्या ओरडल्या. "एवढं नाही दिसत.
बोट दिसायची. पांढरी रेघ अन् पुढे बोट."
मग पंख कोणाला हलवायच्या?
"बोटीला."

मला हसू आलं. थोडं लागलंही.

तलावाच्या मध्यावर त्यांनी मोटर बंद केली.
पाण्याचा आवाज उशिरा पोचला.
वर सोनेगावच्या बाजूला एक घार तेवढी,
पंख न हलवता, फुकटात.
घड्याळ बघून म्हटलं, मॅडम, सहाच झाले,
चार मिनिटं आहेत अजून तुमची.
"असू द्या," म्हणाल्या.
"पुढच्या मंगळवारी चौदा."

वल्हं एकच होतं.
आळीपाळीनं मारत आलो.